चुंबकाच्या आत नेमकं कोणतं बळ काम करतं?

शाळेच्या पुस्तकात चुंबकाचं स्पष्टीकरण साधारण असं असतं: लोखंडाचा प्रत्येक अणू हा एक इवलासा चुंबक आहे, आणि हे सगळे इवले चुंबक एका दिशेला तोंड करून उभे राहिले की अख्खा तुकडा चुंबक होतो. यात चुकीचं काहीच नाही. पण खरा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही. त्यांना एका दिशेला उभं कोण करतं?

चटकन सुचणारं उत्तर असं, की चुंबक चुंबकाला ओढतो, तसा प्रत्येक अणू शेजारच्याला आपल्या दिशेला वळवत असेल. हे उत्तर आकड्यांनी तपासून बघता येतं. लोखंडात दोन शेजारच्या अणूंमध्ये सुमारे 0.25 नॅनोमीटर अंतर असतं. एवढ्या अंतरावरून दोन अणू-चुंबकांचा एकमेकांवर जो चुंबकीय परिणाम होतो, त्याची ऊर्जा फारच तुटपुंजी असते. निरपेक्ष शून्याच्या जेमतेम एखादा केल्विन वर गेलं, की उष्णतेमुळे होणारी अणूंची थरथर ती शिस्त मोडून टाकेल. प्रत्यक्षात लोखंडाची शिस्त 770 अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे 1043 केल्विनपर्यंत टिकते. हिशेब थोडाथोडका नाही, हजार पटींनी चुकतोय.

तेव्हा अणू-चुंबकांना एका रांगेत धरून ठेवणारं बळ चुंबकीय नाही. ते विद्युत बळ आहे: इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात, तेच साधं प्रतिकर्षण. त्याला चुंबकत्वाचं रूप मिळतं ते इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे. मला ही पदार्थविज्ञानातली सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते, आणि ती समजायला गणिताची फारशी गरज पडत नाही.

आधी तो इवला चुंबक

1820 मध्ये ओर्स्टेड यांना दिसलं, की तारेतून वीज वाहिली की जवळची होकायंत्राची सुई हलते. त्यावरून अँपिअर यांनी अंदाज बांधला, की चुंबकाच्या आतही अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह गोल गोल फिरत असावेत. पुढे इलेक्ट्रॉन सापडला, तो अणुकेंद्राभोवती फिरतो असं चित्र पुढे आलं, आणि अँपिअर यांचे गोल प्रवाह हातीच लागल्यासारखे वाटले.

पण त्या चित्रात एक मोठी अडचण होती. नील्स बोर यांनी 1911 च्या आपल्या प्रबंधात आणि हेंड्रिका व्हान लेउवेन यांनी 1919 मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिलं, की जुन्या भौतिकशास्त्राचे नियम प्रामाणिकपणे लावले तर उष्णतेच्या समतोलात असलेल्या कुठल्याही पदार्थाचं चुंबकत्व शून्य येतं. जवळपास शून्य नव्हे, नेमकं शून्य. कारण सोपं आहे. चुंबकीय क्षेत्राचं बळ फिरत्या विद्युतभाराच्या वेगाला नेहमी काटकोनात असतं, म्हणून ते त्याची दिशा बदलतं, ऊर्जा बदलत नाही. ऊर्जाच बदलत नसेल तर समतोलही बदलत नाही. याचा अर्थ, कुठलाही चुंबक हा क्वांटम नियमांचा उघड्या डोळ्यांना दिसणारा परिणाम आहे.

आणखी एक सुगावा अगदी यांत्रिक प्रयोगातून आला. 1915 मध्ये आइन्स्टाइन आणि डे हास यांनी लोखंडाचा एक दंड धाग्याला टांगला आणि भोवतीच्या गुंडाळीतल्या प्रवाहाने त्याचं चुंबकत्व उलटसुलट केलं. दंड किंचित पिळला गेला. चुंबकत्वाला खरोखरच काहीतरी भ्रमणाचा आधार आहे, हे त्यातून सिद्ध झालं. पुढच्या काही वर्षांत इतरांनी अधिक काटेकोर मोजणी केली तेव्हा हा पीळ अपेक्षेच्या सुमारे निम्माच निघाला. अपेक्षा धरली होती ती इलेक्ट्रॉन केंद्राभोवती फिरतात या हिशेबाने. म्हणजे लोखंडाचं चुंबकत्व त्या फिरण्यातून येतच नव्हतं.

ते येत होतं स्पिनमधून. 1922 मध्ये श्टेर्न आणि गेरलाख यांनी फ्रँकफुर्टमध्ये चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला, तेव्हा तो पसरट होण्याऐवजी दोन झोतांत दुभंगला. 1925 मध्ये लायडनच्या उलेनबेक आणि गौडस्मिट या दोन तरुणांनी सुचवलं, की इलेक्ट्रॉनला स्वतःचंच एक भ्रमण असावं. लोरेंट्झ यांनी आक्षेप घेतला: इलेक्ट्रॉन हा गिरक्या घेणारा गोळा मानला, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या कितीतरी पुढे जाईल. आक्षेप बरोबर होता, आणि म्हणूनच गिरकी घेणाऱ्या गोळ्याचं चित्र मनातून काढून टाकलेलं बरं. स्पिन हा इलेक्ट्रॉनचा वस्तुमानासारखा किंवा विद्युतभारासारखा अंगभूत गुण आहे. तो कमी करता येत नाही, थांबवता येत नाही. 1928 मध्ये डिरॅक यांनी क्वांटम नियम आणि सापेक्षता यांची सांगड घालणारं समीकरण मांडलं, तेव्हा स्पिन त्यातून आपसूकच बाहेर आला. तो वेगळा घालावा लागला नाही.

चुंबकत्वासाठी स्पिनबद्दल दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, स्पिनमुळे प्रत्येक इलेक्ट्रॉन हा ठरावीक ताकदीचा चुंबक असतो. ही ताकद सुमारे 9.27 × 10⁻²⁴ ज्यूल प्रति टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आहे आणि तिला बोर मॅग्नेटॉन म्हणतात. दोन, कुठलीही दिशा निवडून त्या दिशेने स्पिन मोजला, तर उत्तर दोनांपैकी एकच येतं, ज्याला आपण ‘वर’ आणि ‘खाली’ म्हणू. अणुकेंद्रालाही स्पिन असतो, पण त्याचा चुंबक इलेक्ट्रॉनच्या मानाने शेकडो पटींनी दुबळा असतो. एमआरआय यंत्राला तो उपयोगी पडतो. लोखंडाच्या चुंबकत्वात त्याचा वाटा नगण्य.

मग सगळंच चुंबक का नाही?

कारण बहुतेक इलेक्ट्रॉन जोडीने राहतात. पाउली यांचं अपवर्जन तत्त्व सांगतं, की एकाच अवस्थेत दोन एकसारखे इलेक्ट्रॉन मावत नाहीत. एका कक्षकात, म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या एका ठरावीक जागेत, दोघं राहायचे असतील तर एकाचा स्पिन वर आणि दुसऱ्याचा खाली असावा लागतो, आणि मग दोघांचे चुंबक एकमेकांना पुसून टाकतात. पाणी, लाकूड, मीठ, बहुतेक प्लास्टिक यांत सगळ्याच इलेक्ट्रॉनांच्या जोड्या लागलेल्या असतात. असे पदार्थ प्रतिचुंबकीय: चुंबक त्यांना अगदी हलकेच दूर सारतो. हा परिणाम इतका क्षीण असतो की एरवी लक्षातही येत नाही. मात्र 1997 मध्ये नेदरलँड्समध्ये सुमारे 16 टेस्लाच्या क्षेत्रात एक जिवंत बेडूक हवेत तरंगत ठेवला गेला, तो याच बळावर.

काही पदार्थांत मात्र एकटे इलेक्ट्रॉन उरतात. ऑक्सिजनच्या रेणूत असे दोन असतात. ऑक्सिजन उणे 183 अंशांखाली थंड करून त्याचा फिकट निळा द्रव केला आणि बलवान चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला, तर तो तिथेच पुलासारखा अडकून राहतो. अशा पदार्थांना समचुंबकीय म्हणतात. त्यांचे इवले चुंबक बाहेरच्या क्षेत्राचं ऐकतात, पण अर्धवटच. साध्या खोलीच्या तापमानाला एक टेस्लाचं क्षेत्र लावलं, तर दर हजार एकट्या स्पिनांमागे सुमारे 501 क्षेत्राच्या दिशेने आणि 499 उलट असतात. बाकी सगळी उष्णतेची मनमानी. क्षेत्र काढून घेतलं की तेवढाही फरक उरत नाही.

लोखंड यापेक्षा पार वेगळं वागतं. त्याच्या आत बाहेरचं क्षेत्र नसतानाही स्पिन एका दिशेला असतात. 1907 मध्ये प्येर वाइस यांनी हे समजावण्यासाठी गृहीत धरलं, की लोखंडाच्या आत एक प्रचंड अंतर्गत क्षेत्र असतं. त्यांच्या हिशेबातून ते हजार टेस्लाच्या घरात निघतं. आज प्रयोगशाळेत सलग चालणारे सर्वांत बलवान चुंबक 45 टेस्लाच्या आसपास पोचतात. एवढं अवाढव्य क्षेत्र लोखंडात येतं कुठून, याचं उत्तर वाइस यांच्याकडे नव्हतं, आणि त्या काळात ते कुणाकडेच असणं शक्य नव्हतं.

प्रतिकर्षण चुंबकत्व कसं घडवतं

उत्तर 1928 मध्ये हायझेनबर्ग यांनी दिलं. या लेखाचा गाभा हाच आहे, तेव्हा इथे सावकाश जाऊ.

दोन इलेक्ट्रॉन घ्या. दोघांचे स्पिन सारखे, म्हणजे दोन्ही वर. पाउली यांचं तत्त्व इथे एक कडक अट घालतं: हे दोघं एका जागी कधीच सापडणार नाहीत. नुसती एक जागा वर्ज्य आहे असंही नाही. जसजसे ते एकमेकांजवळ येतील तसतशी ते तिथे सापडण्याची शक्यता शून्याकडे उतरत जाते. सारख्या स्पिनच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनभोवती जणू एक मोकळी पोकळी राखलेली असते. ही अट विद्युतभारामुळे आलेली नाही. दोन इलेक्ट्रॉन पूर्णपणे एकसारखे असतात, त्यांची अदलाबदल केली तरी निसर्गाला फरक कळत नाही, यातून ती येते.

आता स्पिन उलट घ्या, एक वर आणि एक खाली. त्यांच्यावर ही अट नाही. ते एकमेकांच्या पुष्कळ जवळ येऊ शकतात आणि येतातही.

आणि आता विद्युतभाराकडे बघा. इलेक्ट्रॉन ऋणभारित असतात, जवळ आले की एकमेकांना लोटतात, आणि ऊर्जा वाढते. सारख्या स्पिनचे इलेक्ट्रॉन नियमानेच लांब राहत असल्यामुळे त्यांच्यातली प्रतिकर्षणाची ऊर्जा कमी पडते. उलट स्पिनच्या जोडीची जास्त पडते. म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांची ऊर्जा त्यांचे स्पिन समांतर आहेत की विरुद्ध यावर अवलंबून राहू लागली, आणि तरीही स्पिनांमधलं चुंबकीय बळ आपण एकदाही हिशेबात घेतलेलं नाही. या ऊर्जेच्या फरकाला विनिमय ऊर्जा म्हणतात. वाइस यांचं ‘हजार टेस्लाचं क्षेत्र’ हे खरं चुंबकीय क्षेत्र नव्हतंच. ती ही विनिमय ऊर्जा होती.

आकडे आता जुळतात का ते पाहू. एकमेकांपासून 0.1 नॅनोमीटरवर असलेल्या दोन इलेक्ट्रॉनांची प्रतिकर्षणाची ऊर्जा सुमारे 14 इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक) असते. त्यातला नुसता एक टक्का स्पिनच्या दिशेनुसार कमीजास्त होत असला, तरी तो फरक 0.14 इलेक्ट्रॉनव्होल्ट होतो, म्हणजे तापमानाच्या भाषेत दीड हजार केल्विनच्या पुढे. लोखंडाचे 1043 केल्विन आता अशक्य वाटत नाहीत.

हाच परिणाम एकेकट्या अणूतही दिसतो. लोखंडाच्या अणूत 26 इलेक्ट्रॉन असतात; त्यांपैकी शेवटच्या अपुऱ्या कवचात, ज्याला 3d म्हणतात, पाच कक्षक आणि सहा इलेक्ट्रॉन असतात. ते आधी एकेका कक्षकात सारख्या स्पिनने बसतात आणि जागा संपल्यावरच सहावा जोडीला जातो. म्हणून चार एकटे उरतात. हुंड यांचा नियम म्हणून रसायनशास्त्रात हे शिकवतात, पण त्यामागचं कारण क्वचितच सांगितलं जातं, आणि कारणाशिवाय तो नियम निव्वळ पाठांतराचा भाग होऊन बसतो.

समांतर राहण्याची किंमत

इतकं सगळं समांतर स्पिनच्या बाजूने असेल, तर प्रत्येक धातू चुंबक व्हायला हवा. तसं होत नाही, कारण समांतर राहायची किंमत मोजावी लागते. सारख्या स्पिनचे इलेक्ट्रॉन एका अवस्थेत राहू शकत नसल्यामुळे त्यांना वरच्या, अधिक गतिज ऊर्जेच्या अवस्थांमध्ये जावं लागतं. प्रतिकर्षणात वाचलेली ऊर्जा एका पारड्यात आणि गतिज ऊर्जेत झालेला खर्च दुसऱ्या पारड्यात. धातू चुंबक होणार की नाही, ते यावरून ठरतं.

सोडियम, ॲल्युमिनियम, तांबं यांत मोकळे इलेक्ट्रॉन अख्ख्या स्फटिकभर पसरलेले असतात आणि त्यांच्या अवस्था ऊर्जेच्या रुंद पट्ट्यात विरळ असतात. वरच्या अवस्थेत जायचं तर मोठी किंमत पडते, म्हणून ते जोड्या लावून राहतात. लोखंड, कोबाल्ट आणि निकेलमधले 3d इलेक्ट्रॉन अणूंजवळ घट्ट असतात. त्यांच्या अवस्था ऊर्जेच्या अरुंद पट्ट्यात दाटीवाटीने असतात, वर सरकायला खर्च थोडाच येतो, आणि विनिमय ऊर्जा जिंकते. साध्या तापमानाला लोहचुंबकीय असलेली, म्हणजे लोखंडासारखे स्पिन आपोआप एका दिशेला लावणारी मूलद्रव्यं जवळजवळ एवढीच. गॅडोलिनियम काठावर आहे: सुमारे 20 अंश सेल्सिअसच्या वर त्याचं लोहचुंबकत्व मावळतं.

धातूत शिरल्यावर इलेक्ट्रॉन एका अणूचे राहत नाहीत, याचा पुरावा मोजणीतच मिळतो. सुट्या लोखंडाच्या अणूत चार एकटे इलेक्ट्रॉन असले, तरी धातूत दर अणूमागे सरासरी 2.2 बोर मॅग्नेटॉन एवढंच चुंबकत्व भरतं. कोबाल्टमध्ये 1.7, निकेलमध्ये 0.6. इलेक्ट्रॉन अर्धामुर्धा नसतो. हे आकडे सामायिक इलेक्ट्रॉनांच्या सरासरीचे आहेत. म्हणूनच ‘लोखंडाचा अणू चुंबक असतो’ एवढं म्हणून भागत नाही. स्टेनलेस स्टीलच्या अनेक प्रकारांत निम्म्याहून जास्त लोखंड असतं, तरी चुंबक त्यांना चिकटत नाही. अणू तेच, त्यांची मांडणी बदलली, आणि पारडं दुसऱ्या बाजूला झुकलं.

काही पदार्थांत तर पारडं उलट स्पिनच्याच बाजूने झुकतं. मँगनीज ऑक्साइडमध्ये दोन मँगनीज अणूंच्या मध्ये ऑक्सिजन असतो. इलेक्ट्रॉनांना त्या ऑक्सिजनमार्फत पलीकडे थोडंसं पसरायचं असेल, तर पलीकडच्या अणूचे स्पिन विरुद्ध दिशेचे असावे लागतात, नाहीतर पाउलींची अट आड येते. परिणामी एक वर, एक खाली अशी काटेकोर रचना तयार होते आणि बाहेर चुंबकत्व शून्य दिसतं. या प्रतिलोहचुंबकत्वाची कल्पना लुई नेएल यांनी 1930 च्या दशकात मांडली. बाहेरून काहीच दिसत नसल्यामुळे ती पडताळायला 1949 साल उजाडावं लागलं. तेव्हा क्लिफर्ड शल आणि सॅम्युएल स्मार्ट यांनी न्यूट्रॉनचा झोत वापरून ही एकाआड एक रचना थेट दाखवली. न्यूट्रॉनला स्वतःचा स्पिन असतो, म्हणून त्याला ती ‘दिसते’.

मानवाला सर्वांत आधी भेटलेला चुंबक, म्हणजे मॅग्नेटाइट हा दगड, या दोन टोकांच्या मध्ये बसतो. त्यात स्पिनांचे दोन गट एकमेकांविरुद्ध असतात, पण त्यांचं बळ सारखं नसतं. पाच-पाच एकट्या इलेक्ट्रॉनांचे दोन लोह-आयन परस्परांना पुसतात आणि तिसऱ्या आयनाचे चार शिल्लक राहतात. हजारो वर्षं माणूस ज्या दगडाकडे आश्चर्याने बघत होता, त्याचं सगळं आकर्षण या शिल्लक बाकीत आहे.

साधा खिळा चुंबक का नसतो

विनिमय ऊर्जा एवढी जबरदस्त असेल, तर प्रत्येक खिळा जन्मतःच चुंबक हवा. इथे सुरुवातीला बाजूला ठेवलेलं दुबळं चुंबकीय बळ परत येतं. विनिमय ऊर्जा बलवान असली तरी तिचा पल्ला शेजारच्या अणूंपुरता असतो. चुंबकीय बळ क्षीण, पण दूरवर पोचणारं. अब्जावधी अणूंची बेरीज झाली की त्याचं वजन जाणवू लागतं. सगळा तुकडा एका दिशेला वळला, तर बाहेर मोठं क्षेत्र पसरतं आणि त्या क्षेत्रात ऊर्जा अडकते. ती वाचवण्यासाठी लोखंड स्वतःला छोट्या छोट्या प्रदेशांत वाटून घेतं. प्रत्येक प्रदेशाच्या आत स्पिन समांतर, पण प्रदेशांच्या दिशा वेगवेगळ्या, आणि एकूण बेरीज शून्याजवळ. दोन प्रदेशांच्या सीमेवर स्पिन एकदम उलटत नाहीत. लोखंडात ते शंभराहून जास्त अणूंच्या जाडीत हळूहळू वळत जातात.

खिळ्याजवळ चुंबक आणला की या सीमा सरकतात. क्षेत्राच्या दिशेचे प्रदेश वाढतात, बाकीचे आक्रसतात. सीमा सरळसोट सरकत नाहीत, धातूतल्या दोषांपाशी अडकतात आणि सुटतात. 1919 मध्ये बार्कहाउझेन यांनी लोखंडाभोवती गुंडाळी ठेवून, ध्वनिवर्धक जोडून, ही अडकण्या-सुटण्याची खरखर प्रत्यक्ष ऐकवली.

कायमचा चुंबक हवा असेल, तर एकदा लावलेली दिशा घट्ट धरून ठेवली पाहिजे, आणि एकट्या विनिमय ऊर्जेने ते होत नाही. ती स्पिनांना समांतर ठेवते, पण कुठल्या दिशेला समांतर याची तिला पर्वा नसते. दिशेची पसंती स्फटिकाच्या रचनेतून येते. नियोडिमियमच्या चुंबकात, जो 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला, लोखंड चुंबकत्वाचा मोठा वाटा उचलतं आणि नियोडिमियम दिशा धरून ठेवतं. नियोडिमियमच्या 4f नावाच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांचा भार गोल नसून चपटा पसरलेला असतो. स्फटिकातल्या शेजारच्या भारांमध्ये तो एकाच दिशेने सुखाने बसतो. त्याची कक्षेतली गती स्पिनशी बांधलेली असल्यामुळे स्पिनही मग तीच दिशा धरतो. इथेही पकड विद्युत बळाचीच आहे.

तापमान वाढलं की ही पकड ढिली पडते, आणि विजेच्या गाड्यांच्या मोटारीत चुंबकाला शंभर अंशांच्या वरची उष्णता सोसावी लागते. त्यासाठी त्यात डिस्प्रोशियम हा आणखी एक धातू थोडा मिसळतात. डिस्प्रोशियम दिशा अधिक घट्ट धरतं, पण त्याचे अणू-चुंबक लोखंडाच्या विरुद्ध दिशेला उभे राहतात, त्यामुळे जितकं ते मिसळावं तितकी चुंबकाची एकूण ताकद घटते. म्हणून आता ते सगळ्या मिश्रणात न घालता चुंबकातल्या कणांच्या कडांपुरतंच मुरवण्याची पद्धत आली आहे, कारण दिशा उलटण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते.